एफीमावशीची सोळा ओळींची रेकॉर्ड

एफीमावशीच्या दुकानात डाव्या हाताला लोकर, उजव्या हाताला रेकॉर्ड आणि मधल्या खुर्चीत ती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कुणाला खरंच वाटणार नाही. ग्लासगोच्या पार्टिक भागात, डम्बार्टन रोडवर, बूट दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. पाटीवर अजूनही फक्त 'गिलफिलन, लोकरीचं दुकान' एवढंच आहे. ज्याला रेकॉर्डचं माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्याला नाही तो पायमोज्यांची लोकर घ्यायला येतो आणि बगलेत एखादा अल्बम घेऊन जातो, कारण मावशी सोडतच नाही.

वय एकसष्ट. उंची अशी की काउंटरच्या मागे उभी राहिली तर फक्त केस आणि चष्मा दिसतो. चष्मे दोन, एक विणायचा आणि एक माणसं बघायचा, आणि चुकीचा लागला की ती आपल्याकडे बघून टाके मोजते.

रेकॉर्ड मुळात तिच्या नवऱ्याच्या, वुलीकाकांच्या. गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकायचे ते, त्यामुळे एका कानाने ठार बहिरे, आणि उरलेल्या कानाने मिळेल ते ऐकायचे. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी लोकरीच्या कपाटाशेजारी रेकॉर्डची एक पेटी ठेवली. मग दोन. मग कपाटच सरकवलं. शहाऐंशी साली ते गेले, तेव्हा मावशीने ठरवलं की हा सगळा पसारा विकून टाकायचा. पण विकायचं तर माल काय आहे ते कळायला नको का? म्हणून विणता विणता एकेक ऐकायला बसली. ती बसली ती बसलीच!

तिची पद्धत अशी. प्रत्येक अल्बमवर तिच्या तिरक्या अक्षरातलं एक कार्ड. 'पावसात बस चुकल्यावर.' 'सासूबाई परत गेल्यावर. फारच आनंद झाला असेल तर दुसरी बाजू लावा.' 'गिटार फार, पण मनाने चांगली मुलं.' आणि खाली कोपऱ्यात आकडा, चौदा ओळी, एकवीस ओळी. म्हणजे त्या अल्बमची एक बाजू वाजून होईपर्यंत कार्डिगनच्या बाहीच्या किती ओळी विणून होतात. मिनिटं तिला सांगता येत नाहीत, ओळी एकदम बरोबर. आम्हीसुद्धा तसंच बोलायला लागलो होतो. 'नवीन अल्बम कसा आहे रे?' 'चांगला आहे, पण अठरा ओळी म्हणजे जरा ताणलाय.'

आणि ती वर्षंच तशी होती ना! जो उठेल तो आपल्या झोपायच्या खोलीत उसन्या माइकवर अल्बम काढत होता. कंपनी नाही, मॅनेजर नाही, तीनशे प्रती छापायच्या, कव्हरं घरी बसून खळीने चिकटवायची आणि पोस्टाने मावशीला पाठवायची. एडिनबरापासून पोरं यायची तिच्या दुकानात. कार्ड वाचायची, घेऊन जायची. न ऐकता! मावशीने लिहिलंय ना, मग झालं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती खिडकीत वर्षातल्या दहा आवडत्या अल्बमची यादी लावायची. एकदा लावली की लावली. नऊ वर्षांत तिने त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. एकदा पाचव्या नंबरच्या बँडचा गायक येऊन दुकानात रडला होता, तिने त्याला चहा दिला, बिस्किट दिलं, नाक पुसायला रुमाल दिला, वरचा नंबर दिला नाही.

आता डूगल पेट्री. हा तीस वर्षांचा माणूस उन्हाळ्यातसुद्धा मफलर घालतो आणि संगीतावर एक झेरॉक्सचं मासिक काढतो, ज्यात सगळ्यांना नावं ठेवलेली असतात. त्याचा स्वतःचाही एक बँड आहे. त्याचं म्हणणं एकच, लोकर विकणाऱ्या बाईला गाण्यातलं काय कळतं? हे तो मागे नाही बोलायचा, तिच्यासमोरच बोलायचा.

"मिसेस गिलफिलन, तुम्ही गाणी ऐकत नाही, तुम्ही बाह्या मोजता."

"आणि तू काय मोजतोस रे बाळा? स्वतःचं नाव किती वेळा छापून आलं ते?"

असं चालायचं. पण तो वाट बघतोय हे सगळ्यांना दिसत होतं. एकदा, फक्त एकदा मावशीचं चुकू दे.

तर पंच्याण्णवच्या ऑक्टोबरमधे आरब्रोथहून एक पाकीट आलं. मासळीचं गाव ते, आणि शप्पथ, पाकिटालासुद्धा वास होता. बँडचं नाव 'ट्यूजडे हेरिंग', अल्बमचं नाव 'गुडबाय, बिग कोट'. मोठी रेकॉर्ड, हाताने शिवलेलं कव्हर, आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर एक अक्षर नाही, फक्त बटाटा कापून मारलेला नासपतीचा ठसा. मोठी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेऱ्या, म्हणून मावशीने स्पीडचा खटका तेहेतीसवर ठेवला आणि विणायला घेतलं.

मी तिथेच होते, दुकानात तिच्या हाताखाली. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुकान एकदम पाण्याखाली गेल्यासारखं झालं. संथ, जड, आणि त्यात एका पुरुषाचा आवाज, इतका खोल, इतका थकलेला, जणू दिवसभर काम करून घरी येऊन बूट काढता काढता गातोय. तेव्हा सगळेच बँड तसं हळू आणि पुटपुटत गायचे, फॅशनच होती, पण हे काहीतरी वेगळंच होतं. मावशीच्या सुया थांबल्या. मी तिच्या सुया थांबलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"वुली भांडी पुसताना असं गुणगुणायचा," ती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "सोळा ओळी. रेकॉर्डची सुई परत मागे ठेव गं पोरी."

त्यानंतर सात आठवडे तिने दुसरं काही धड वाजवलंच नाही. बँडकडून आणखी चाळीस प्रती मागवल्या, सगळ्या संपल्या, आम्ही सगळे आपापल्या घरी तेहेतीसवर लावून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडून राहायचो. कार्डावर तिने लिहिलं होतं, 'घरात दुसरं माणूस असल्यासारखं वाटतं.' एवढंच. मावशीने एवढं उघडं कधीच लिहिलं नव्हतं.

फक्त माल्की काहीतरी भलतंच बोलायचा. माल्की म्हणजे बेकरीत कामाला असलेला, केसांत कायम पीठ.

"मला तर त्यावर नाचावंसं वाटतं," तो एकदा म्हणाला.

"यावर?" आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा गप्प झाला आणि पुन्हा बोललाच नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी यादी लागली. पहिला नंबर, 'गुडबाय, बिग कोट'. आणि दहावा नंबर, मला खरंच वाटेना, डूगलच्या बँडचा! "चांगलं आहे म्हणून आहे," मावशी म्हणाली, "तो चांगला आहे असं मी कुठे म्हटलंय?" डूगल तीन वेळा रस्ता ओलांडून खिडकीपुढून गेला, सहज गेल्यासारखा.

आणि त्याहून मोठी बातमी, मावशीने ट्यूजडे हेरिंगला पत्र लिहून बोलावलं होतं. पुढच्या शनिवारी दुपारी तीनला, दुकानात, लोकरीच्या बाजूला जागा करून. तिला तो आवाज समोर ऐकायचा होता. एवढंच हवं होतं तिला. वर लपवून लपवून तिने त्या गायकासाठी एक कार्डिगन विणलं होतं, त्याचीच रेकॉर्ड लावून, गडद हिरवं, शेहेचाळीस इंच छातीचं.

"माप कसं काय कळलं गं तुला?" मी विचारलं.

"आवाजावरून कळतं," ती म्हणाली. वुलीकाकांचंच माप होतं ते. कपाटातला त्यांचा जुना कोट तिने फूटपट्टीने मोजलेला मी पाहिला होता, पण बोलले नाही.

शनिवार उजाडला. अडीचलाच दुकानात मुंगी शिरायला जागा नाही. शेजारचे बूटवाले मिस्टर टॅनहिल दुकान बंद करून आले. डूगल पहिल्या रांगेत, मफलर, वही, पेन. दार उघडलं आणि आत तीन पोरी आल्या, गिटार, ढोल, पिशव्या, लाल नाकं. सगळ्यात पुढची तर एवढीशी, मावशीपेक्षा दोन बोटं कमीच.

"आम्ही ट्यूजडे हेरिंग!" ती म्हणाली. आवाज म्हणजे दाराच्या न तेल घातलेल्या बिजागरीसारखा. "मी ऐल्सा, ही माझी बहीण मोरॅग, आणि ढोल वाजवणारी आमची चुलतबहीण, ती बोलत नाही."

मावशी त्यांच्या मागे दाराकडे बघत राहिली. "आणि गाणारा?"

"गाणारा कोण?"

"गाणारा गं! तुमचा गायक."

"मीच गाते की."

मावशीचा चेहरा असा पडला ना. "सोडून गेला का तो?" तिने हळूच विचारलं, एखाद्याच्या घरी काही वाईट घडल्यावर विचारतात तसं.

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. मोरॅग ऐल्साच्या कानात कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "म्हातारं माणूस आहे, हो म्हण."

"हो," ऐल्सा म्हणाली.

मावशीने हिरवं कार्डिगन काउंटरखाली ढकललं, नवीन बाही हातात घेतली आणि खुर्चीत बसली. ती गाणं ऐकताना विणतेच, पण त्या दिवशी सुयांचा आवाज जरा जास्तच येत होता.

आणि पोरी सुटल्या. सुटल्या म्हणजे काय, दारूगोळा! ढोल धडधडतोय, गिटार किंचाळतेय, ऐल्सा एका पायावर उड्या मारत त्या बिजागरीच्या आवाजात इतकं भराभर गातेय की शब्द एकमेकांवर आपटतायत, आणि गंमत म्हणजे शब्द तेच! तेच गाणं! आम्ही चाळीस जण पुतळ्यासारखे. डूगलचं पेन हवेत. फक्त मागून माल्की दोन्ही हात वर करून ओरडला, "हेच! हेच ते! मी सांगत होतो ना!" आणि एकटाच नाचायला लागला, लोकरीच्या लडींमधे, केसांतलं पीठ उडवत.

पहिली बाजू संपली. चारही गाणी, त्याच क्रमाने. दुकानात टाळी नाही, काही नाही, फक्त माल्कीला दम लागलेला. मावशीने हातातल्या बाहीकडे बघितलं. मोजलं. चष्मा बदलला आणि परत मोजलं.

"बारा," ती म्हणाली. "चार ओळी कुठे गेल्या?"

मग ती उठली. गर्दीतून वाट काढत रेकॉर्ड प्लेअरपाशी गेली, नासपतीवाली रेकॉर्ड लावली, आणि खटका तेहेतीसवरून पंचेचाळीसवर, छोट्या रेकॉर्डच्या स्पीडवर, सरकवला. सुई टेकवली.

बिजागरी. तीच बिजागरी, तोच ढोल, तीच दौड.

"मोठी रेकॉर्ड," मावशी म्हणाली, "पंचेचाळीसवर?"

"मोठी रेकॉर्ड पंचेचाळीसवर काढली की आवाज जोरात येतो ना," मोरॅग म्हणाली. "का? लिहिलंय की त्यावर."

"कुठे लिहिलंय?"

मोरॅगने रेकॉर्डवर वाकून बघितलं. मग बहिणीकडे बघितलं. "ऐल्सा. तू स्पीड लिहिणार होतीस."

"मी? मी ठसे मारत होते! तू लिहिणार होतीस!"

"तूच म्हणालीस, अक्षरं नकोत, अक्षरं म्हणजे कंपनीवाल्यांसारखं दिसतं!"

"मग चिठ्ठी टाकायची आत!"

"तीनशे चिठ्ठ्या? चिठ्ठ्या कुणी कापायच्या, तुझ्या मांजराने?"

त्या भांडत होत्या आणि मी मावशीकडे बघत होते, कारण डूगलने वही उघडली होती. त्याला अजून नीट कळलं नव्हतं. कपाळावर आठ्या घालून तो खिडकीतल्या यादीकडे, मग कार्डाकडे, मग पोरींकडे बघत होता.

"मिसेस गिलफिलन," तो म्हणाला, "तुम्ही याला वर्षातला सगळ्यात शांत अल्बम म्हणून विकलाय. घरात दुसरं माणूस असल्यासारखं, असं लिहिलंय तुम्ही. नेमकं ऐकलंत काय?"

तिला सहज सांगता आलं असतं. बँड समोर बसून वाजवतो तेव्हा जोरात वाजवतो, एवढं म्हटलं असतं तरी तो गप्प बसला असता. मनात मी ओरडत होते, मावशी, सांग ना गं असंच काहीतरी, नऊ वर्षं लोक तुझं कार्ड बघून डोळे मिटून घेऊन जातायत, या मफलरवाल्याला नको ना जिंकू देऊस!

मावशी स्टुलावर चढली, कारण नाहीतर ती कुणाला दिसली नसती.

"ऐका रे," ती म्हणाली. "सात आठवडे मी ही रेकॉर्ड चुकीच्या स्पीडवर ऐकली. तशीच तुम्हाला विकली. पहिला नंबर दिला तोही तसाच. मला वाटलं कुणी मोठा बाप्या गातोय. बाप्या नाहीये. तो कधी नव्हताच. ज्याला परत करायची असेल त्याने आणून द्या, मी काही म्हणणार नाही. आणि डूगल, काना-मात्रा नीट लिही, तुझ्या शुद्धलेखनाचं मला टेन्शन येतं."

डूगलचं पेन चालू होतं, ते थांबलं.

आणि मग ऐल्सा म्हणाली, "थांबा. हळू कसं वाटतं?"

"काय?"

"आम्ही कधी ऐकलंच नाही तसं. लावा ना!"

मावशी स्टुलावरून उतरली. खटका तेहेतीसवर. सुई टेकवली. आणि तो आला, तोच, थकलेला, बूट काढणारा. पोरी तोंडावर हात ठेवून उभ्या. मोरॅगचे डोळे हे एवढे. ऐल्सा आधी हसली, मग इतकी हसली की लोकरीच्या पोत्यावर जाऊन बसली, आणि त्यातच कधी रडायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"बाबा!" ती म्हणाली. "मोरॅग, हे बाबा आहेत! बोटीवरून आल्यावर, थंडीने कुडकुडत, तसेच!"

आणि जी बोलत नाही म्हणून सांगितलं होतं ना, ती ढोलवाली चुलतबहीण बोलली! "काकांना मी यांच्यापेक्षा जास्त ऐकलंय," ती म्हणाली, "अगदी तसेच."

"आहेत ना तुझे बाबा?" मावशीने घाईघाईने विचारलं.

"आहेत की! ठणठणीत! सध्या आम्ही बँड काढला म्हणून बोलत नाहीयेत."

मावशी काउंटरमागे वाकली आणि ते हिरवं कार्डिगन बाहेर काढून ऐल्सावर टाकलं. ते गुडघ्यांच्या खाली आलं. बाह्या जमिनीला. तिचं फक्त लाल नाक वर दिसत होतं.

"त्यांना नेऊन दे," मावशी म्हणाली. "शेहेचाळीस इंच."

"बरोबर शेहेचाळीस," ऐल्सा आतून म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी लोकर मोजायला लागले.

डूगलने घसा खाकरला. त्यालाही सोडवत नव्हतं. "म्हणजे पहिला नंबर रद्द?"

मावशी खिडकीपाशी गेली आणि तिने यादी काढली. शप्पथ सांगते, नऊ वर्षांत तिने लावलेल्या यादीला कधी हात लावला नव्हता! तिने काउंटरवर पसरली, पेन घेतलं, विणायचा चष्मा लावला. पहिल्या नंबरापुढे लिहिलं, 'तेहेतीसवर'. मग दुसरा नंबर खोडला आणि तिथे लिहिलं, 'तीच, पंचेचाळीसवर.' मग बाकीच्यांना एकेक घर खाली सरकवत गेली. तिसरा, चौथा, पाचवा. डूगल बोटांवर मोजत होता. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे आम्ही अकरावे?"

"अकरावा नंबर नसतो रे बाळा."

"पण तुम्ही यादी कधीच बदलत नाही!"

"बदलली कुठे? मधे एक ओळ वाढवली."

मिस्टर टॅनहिल असे हसले की त्यांना खोकला लागला. रेकॉर्ड परत करायला कुणी आलं नाही. उलट पाच-सहा जणांनी दुसरी प्रत मागितली, एक हळूसाठी, एक जोरात, म्हणजे खटका सरकवायचे कष्ट नकोत, आणि माल्कीने सगळ्यांना एकेक करून विचारलं, "मी सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं की नाही?"

मावशी मात्र काउंटरवर वाकून नवीन कार्ड लिहीत बसली होती. लिहून झाल्यावर तिने ते लावलं आणि आम्ही सगळे वाचायला धावलो.

'पंचेचाळीसवर बारा ओळी. नाचायचं असेल तर. तेहेतीसवर सोळा ओळी. भांडी पुसायला कुणी नसेल तर.'

"काय बघताय?" ती म्हणाली. "पोरींनो, दुसरी बाजू राहिलीये अजून. जोरात वाजवा."

ऐल्साने कार्डिगनच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या, मोरॅगने गिटार उचलली, ढोल धडधडला. आणि मावशीने सुया खाली ठेवल्या, दोन्ही, काउंटरवर, आणि मिस्टर टॅनहिलना हाताला धरून लोकरीच्या लडींमधे ओढलं.

"एफी, माझे गुडघे!" ते ओरडले.

"बाराच ओळी आहेत," ती म्हणाली. "चल!"